वाकड्या झाकणांची वाटणी

मी, खाली सही करणारी, घरात ठेवायची सुगंधपात्रे घडवणारी, वय सत्तरीच्या पुढे, जिला सगळी गल्ली अत्तरकाकू म्हणते (अत्तराचा थेंबही मी कधी विकलेला नाही), हे मृत्युपत्र माझ्या कार्यशाळेत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नाक नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आहे, त्याला न जुमानता लिहीत आहे.

घाईचे कारण असे. उद्या सकाळी माझ्या थोरल्या मुलाच्या अर्जाची सुनावणी आहे. आईला भ्रम होतात, तिच्या सहीला अर्थ नाही, असा तो अर्ज. तो दाखल करून घेतला गेला, तर तपासणी होईपर्यंत माझी सही कुठेही चालणार नाही, आणि माझ्या तब्येतीकडे पाहता तेवढा धीर माझ्याकडे नाही. म्हणून आजच दोन साक्षीदारांसमोर सही व्हायला हवी. एक, डॉक्टर, समोर बसले आहेत. दुसरा मिळत नाही. वाणी सकाळी हो म्हणाला आणि दुपारी त्याला दुकान सोडता येईना. शेजारचे मास्तर दाराला कुलूप लावून निघून गेले. दोघांकडेही थोरला जाऊन आला होता. वकीलबाई उद्या माझ्या बाजूने उभ्या राहणार, त्यामुळे त्यांना साक्षीदार होता येत नाही. थोरला बाहेर पायरीवर माझ्या भावाला, म्हणजे मुलांच्या मामाला, घेऊन बसला आहे. बसल्या जागी पाय हलवायची त्याची लहानपणापासूनची सवय आहे. त्या पायाने फाटक वाजते आहे आणि ते मला इथे ऐकू येते.

कलम १. कार्यशाळा, भट्टी, चाक आणि सगळे साचे माझी धाकटी मुलगी आणि आमचा भट्टीवाला या दोघांना मिळून द्यावेत. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय काहीही विकायचे नाही. थोरल्याने एका प्लास्टिकच्या कारखान्याशी बोलणी केली आहेत. माझ्या पात्रांचे आकार घेऊन भिंतीच्या प्लगात खुपसायची यंत्रे काढायची, असा बेत आहे. नमुना मला दाखवला होता. त्यात हिरवा दिवा लागतो.

मी तरुणपणी जपानात एका कुंभारीण बाईंच्या हाताखाली शिकले. त्या सुगंध घेत नसत, ऐकत असत. त्यांच्याकडे तसेच म्हणतात. बोलायच्या कमी आणि ओरडायच्या अजिबात नाहीत, त्यामुळे त्यांची फार भीती वाटे. भांडे सगळीकडून सारखे झाले की त्या ते उचलून पुन्हा मातीत टाकायच्या. कुठेतरी जागा रिकामी सोड, वास तिथे राहतो, एवढेच सांगायच्या. ते समजायला मला अर्धे आयुष्य लागले. थोरल्याला ते एका दुपारी समजावे अशी माझी अपेक्षा होती, ही माझी हाव.

कलम २. झाकणे वाकडीच राहतील. आमच्या पात्राला आतून झिलई नसते. कच्ची माती तेल पिते आणि हळूहळू सोडते. झाकण मुद्दाम एका बाजूला उचललेले असते आणि ती फट भिंतीकडे करून ठेवायची असते. वास आधी भिंतीवर जातो आणि तिथून खोलीत परततो. माणूस आत येतो तेव्हा त्याला आधी खोली बरी वाटते, भांडे मागाहून दिसते. पूर्वी एकदा गिऱ्हाईक तक्रार करते म्हणून थोरल्याने एका भट्टीतली सगळी झाकणे कानस लावून सरळ केली होती. "आई, आता बघ कशी घट्ट बसतात!" तो इतका खुशीत होता की मला रागावताही आले नाही. तेव्हाच रागवायला हवे होते असे भट्टीवाला अजून म्हणतो.

कलम ३. नाकाविषयी, कारण उद्या तेच विचारतील. एका तापात माझा वास गेला तो परत आला नाही. त्याच दिवशी मी धाकटीला सांगितले. तेव्हापासून तेले ती निवडते आणि आकार मी करते. पात्र जमले की नाही हे कळायला मी माणसे बघते. कोणालातरी पात्राकडे पाठ करून बसवायचे, काही सांगायचे नाही, आणि त्याचे खांदे कधी सैल पडतात ते पाहायचे. नाही पडले तर फट बदलायची. नाक शाबूत होते तेव्हा मी फक्त स्वतःला आवडेल ते करत होते. आताची पात्रे जास्त चांगली आहेत. असे भट्टीवाल्याचेही मत आहे, आणि तो माझी स्तुती करणाऱ्यांतला नाही.

आता तो प्रसंग. गेल्या महिन्यात थोरल्याने मामाला बोलावले, मला टेबलाशी बसवले आणि दोन झाकलेली पात्रे पुढे ठेवली.

"आई, एकात देवदार आहे, एकात संत्र्याची साल. देवदार कुठला, सांग बघू."

मला नाक नाही हे त्याला ठाऊक होते. मी नेहमीसारखे चेहऱ्यांकडे पाहिले. धाकटी घरात नव्हती. उजवीकडचे झाकण उघडले तेव्हा सुनेने, थोरल्याच्या बायकोने, कपाळाला आठ्या घालून तोंड फिरवले. तिला देवदार कधीच आवडला नाही. मी म्हणाले, "उजवीकडचं. आणि तेल जरा जास्त झालंय."

ते शेवटचे वाक्य मला भोवले. थोरल्याने दोन्ही पात्रे टेबलावर उलटी केली. दोन्हींत पाणी होते.

"बघितलंत ना, मामा? हिला नसलेला वास येतो. वर तो जास्तही झालाय."

मी चेहरे वाचते हे समजावून सांगू लागले, तर माझा भाऊ म्हणाला, "ताई, तुला लोकांच्या तोंडावर वास दिसतो म्हणतेस, आणि आम्ही काय समजायचं गं?" त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. टेबलावरून पाणी माझ्या मांडीवर गळत होते आणि कोणी फडके आणले नाही. मला रडू आले. ते मी त्यांना दिसू दिले नाही, आज इथे लिहिते आहे.

कलम ४. राहते घर. खालचा मजला धाकटीला. वरचा मजला, जिथे थोरला राहतो, तो थोरल्याला. वकीलबाईंनी माझे पेन थांबवून दोनदा विचारले. हो, थोरल्याला. तो माझा मुलगा आहे. मला सध्या त्याची भीती वाटते, फाटक वाजायचे थांबले की जास्तच वाटते. पण त्याला बेघर करायचे माझ्या मनात नाही.

कलम ५. बँकेतली ठेव, माझ्या दवादारूचा खर्च जाऊन उरेल ती, धाकटी आणि सून यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

कलम ६. माझ्या भावाला स्टीलचा एक झाकणाचा डबा, नवा, दुकानातून आणून द्यावा. माझे प्रत्येक पात्र हातात घेऊन तो आयुष्यभर म्हणत आला की एवढ्यात स्टीलचे आले असते. त्याचे झाकण घट्ट बसेल असे बघून घ्यावे.

कलम ७. वरीलपैकी जे कोणाला काही कारणाने देता येणार नाही, ते धाकटीकडे जावे.

इथवर लिहून झाले तरी दुसरा साक्षीदार नाही. वकीलबाई घड्याळाकडे बघत नाहीत, पण त्यांनी पिशवी आवरून मांडीवर घेतली आहे. भट्टीवाला आणि धाकटी दाराबाहेर उभे आहेत. साक्षीदार झाले तर त्यांचा वाटाच जातो, म्हणून त्यांची सही मला नको.

फाटक वाजायचे थांबले आहे.

पुढचे जसे घडले तसे लिहिते. पायऱ्यांवरून सून आत आली. मागून थोरल्याचा आवाज आला, "कुठे चाललीस? अगं, मी काय विचारतोय?" तिने दार लावून घेतले.

"अहो आई, सही कुठे करायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, आधी नीट ऐका. साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. त्याच्या जोडीदारालाही नाही. ठेवीतला तुमचा वाटा जाईल आणि वरचा मजलाही जाईल. तुम्ही राहता तो."

"म्हणजे दोघांचंही जाईल."

"दोघांचंही."

मी तिला म्हणाले, "बाळा, घरी जा. मी दुसरं कोणीतरी बघते." दुसरे कोणी नव्हते.

ती उभीच राहिली. म्हणाली, "त्या दिवशी मला कसलाही वास आला नव्हता, आई. ती भांडी मीच भरली होती, नळाखाली धरून. तुम्ही माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होतात, मला बघवेना. म्हणून तोंड फिरवलं."

बाहेर दारावर थाप पडली. मग दुसरी. मामाचा आवाज आला, "अरे, हळू." डॉक्टर उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

म्हणजे मी चेहरा बरोबर वाचला होता. तिला नकोसे झाले होते ते खरे होते, फक्त ते भांड्यात नव्हते.

मी कलमे बदललेली नाहीत. थोरल्याचा वाटा कलम ४ मध्ये लिहिलेला राहू दे. मी दिले होते, हे त्याला वाचता यावे. सुनेला या कागदाने काही देता येत नाही, म्हणून माझ्या कुंभारीण बाईंनी निरोप देताना दिलेली बांबूची सुरी मी जिवंतपणी, सर्वांसमोर, तिच्या हातात दिली आहे. त्या सुरीचा या मृत्युपत्राशी संबंध नाही आणि तिच्यावर कोणी हक्क सांगू नये. वरचा मजला आता कलम ७ प्रमाणे धाकटीकडे जाईल, त्याचे पुढे काय ते ती आणि तिची वहिनी बघतील. धाकटीने दाराबाहेरून "हो" म्हटलेले वकीलबाईंनी ऐकले आहे.

मी आता सही करते आहे. दोन्ही साक्षीदार बघत आहेत.

सही: अत्तरकाकू, सुगंधपात्रे घडवणारी

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंनी माझ्यादेखत, शुद्धीत सही केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार दुसरी: सून. बाईंनी माझ्यादेखत सही केली. माझे काय जाते ते मला समजावून सांगितले. समजले.

ठिकाण: कार्यशाळा, भट्टीजवळची खोली
दिनांक: १९ मार्च, संध्याकाळ

ता. क. सही करून सुनेने पेन खाली ठेवले. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती, बाहेर थापा चालूच होत्या, आणि तिचे खांदे सैल पडले. खोलीतली सगळी पात्रे कोरडी होती.