पाळण्याचा पिक्चर

१२ ऑक्टोबर, रविवार
आक्का आली निपाणीहून. चहा संपायच्या आत विषय काढला. "बाळू, तू तिकडं मच्छ्याला कंपनीत, तुझी रेखा पतसंस्थेत. दिवसभर आईकडं कोन बघनार? मी न्हेते तिला माझ्याकडं." आक्का चुकीचं बोलत नाही. तिच्या घरात माणसं आहेत. पण आई तिथंच खुर्चीत बसलेली, आणि हे सगळं तिच्या डोक्यावरून चाललेलं.
मी म्हणालो, आईला विचारूया.
"तिला काय इचारतोस रं? न्हाय शिवाय काय बोलत्या ती?"
खरं आहे. श्रावणात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून एवढा एकच शब्द उरलाय. चहा नको, न्हाय. पाहिजे असला तरी न्हाय. मानही उलटसुलट हलते. तिला समजतं सगळं, डॉ. म्हणाले. शब्द तेवढे सापडत नाहीत.
आक्काला सांगितलं, आई स्वतः सांगेल तसं करू. दिवाळीनंतर. पटलं नाही तिला. पण मी ठरवलंय.

१६ ऑक्टो., गुरुवार
सेकंड शिफ्ट. सकाळी आईला घेऊन बेळगावला, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडं. त्यांनी चित्रं दाखवली. गाय. तांब्या. घड्याळ. प्रत्येकाला न्हाय. आईनं शेवटी तोंडच फिरवलं. पोरासारखं चित्रं दाखवतात याचा राग असणार.
मॅडमनी विचारलं, "गाणी म्हणायच्या का? काही जणांचं बोलणं जातं, गाणं राहतं."
भजनाला आई कधी गेली नाही. नाही म्हणून सांगितलं. परतीला आमच्या उचगावच्या फाट्यावर उतरताना आठवलं. पाळण्याचा पिक्चर!
दर दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर दुपारी लागायचा. जत्रेतला मोठा पाळणा घेऊन गावोगाव फिरणारं कुटुंब, आई-बाप-पोरं सगळी गाणारी. आप्पा होते तेव्हापासून घरातले सगळे मिळून बघायचो. आई शेंगा फोडत बसायची, सगळी गाणी तोंडपाठ. पाळणेवाल्याची बायको मरते तिथं मात्र उठून चहा टाकायला जायची. दरवर्षी. पुढचं गाणं सुरू झालं की परत.

१९ ऑक्टो., रविवार
यंदा कुठल्याच चॅनेलवर नाही. केबलवाला हसला, "आता कोन बघतंय त्यो?" मोबाईलवर मिळाला, पण अर्धाच, आणि आवाज मधेच जातो. बाजारात दिवाळीची गर्दी. चार दुकानं फिरलो. शेवटी एका जुन्या सीडीच्या दुकानात, धुळीत. आता घरातला प्लेअर चालेना. शेजारच्यांचा मागून आणला. लावून बघितला. चालतो.
रेखा म्हणाली, "एवढं करून आई न्हाय बोलल्या तर?"
दुसरं काहीतरी बघीन, म्हणालो.

२३ ऑक्टो., भाऊबीज
सगळे आले. ओवाळणी, जेवणं. मग लावला. आमची तन्वी म्हणाली, "ह्याला कलर न्हाय?" पण नंतर हलली नाही.
पहिली गाणी आई गप्प. ओठ हलल्यासारखे वाटले. मला तसं वाटायला पाहिजे होतं म्हणूनही असेल.
पाळणेवाल्याची बायको अंथरुणाला खिळली. मी पिक्चर पुढं ढकलायला उठलो. आईनं चालतोय त्या डाव्या हातानं माझा शर्ट धरला आणि खाली बसवलं. तो भाग तिनं पहिल्यांदाच बघितला असेल. डोळे पुसले नाहीत, वळवलेही नाहीत.
मग गाणं. "पाळणा गेला वर, गाव झालं लहान..." आणि आई! आवाज घोगरा, पण शब्द सगळे. एकही चुकला नाही. आक्काच्या हातातली करंजी तशीच हातात. भाऊजींनी टीव्हीचा आवाज बारीक केला, तरी ही एकटी पुढं म्हणत गेली.
गाणं संपल्यावर आक्का तिच्या पायाशी बसली. "आई, परत बोल की गं."
"न्हाय," आई म्हणाली. आणि आक्का रडत रडत हसली.

२७ ऑक्टो., सोमवार
मॅडम खूश. त्याच चालीवर रोजचे शब्द बसवा म्हणाल्या. डाव्या हातानं ताल धरायला लावा. "खात्री देत नाही हं." नको खात्री. रस्ता दाखवला, बास.

३ नोव्हेंबर, सोमवार
"मला पाहिजे चहा." पूर्ण आलं. चालीवर, हळू. रेखा हातातलं काम टाकून चहा ठेवायला धावली.

८ नोव्हें., शनिवार
रोज शिफ्ट सुटली की बसतो. "मला राहायचं हितं." आई वैतागते, मी सोडत नाही. आज रेखा भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "आनि त्यास्नी निपाणीला जायाचं असंल तर? त्यो शब्द शिकवलाय तुमी?"
रताळ्याच्या शेताकडं जाऊन आलो. रागानं गेलतो, पण राग टिकला नाही. आईनं स्वतः सांगावं म्हणून एवढं चाललंय, आणि मी माझंच उत्तर तिच्याकडून घोकून घेतोय.

९ नोव्हें., रविवार
दोन्ही शिकवतोय. "मला राहायचं निपाणी." मेलं, हेच चालीवर जास्त चांगलं बसतंय. नको वाटलं, तरी शिकवलं. आक्काला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलास रं."

१६ नोव्हें., रविवार
आक्का आली. ठरलं होतं, कुणी सुचवायचं नाही. मी विचारलं, "आई, कुठं राहायचं तुला? सांगशील ते करतो."
तिनं मांडीवर ताल धरला. "मला राहायचं..." आणि अडकली.
"निपाणी?" आक्का.
"हितं?" मी. दोघं एकदमच.
आईनं हात वर केला. "थांबा."
चालीवर नाही. साधं, बोलतात तसं. हा शब्द आम्ही कुणीच शिकवला नव्हता.
आक्काची गाडीची वेळ होत आली होती. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. रेखानं कुकरखालचा गॅस बंद केला. मी आईशेजारी बसूनच हे लिहितोय. ती दाराबाहेर बघतेय, ओठ हलतायत. आम्ही कुणी बोलत नाही.