बोटे शाबूत असताना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणतीस, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र खुशीने नव्हे, रागाने लिहीत आहे; मात्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही. कारण कलम दोनमध्ये आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खात्रीसाठी कपाट दोनदा पाहिले.

१. माझे भिंग, सहा चिमटे, बारीक पेचकसांचा डबा आणि खिडकीजवळचे टेबल दादाच्या मुलीला, टिकटिकला, द्यावे. शाळेआधी मी वाचायला याच टेबलाशी शिकले. बाबांचे डोळे घड्याळात, म्हणून घरात आलेला प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचायचा, हा नियम. वीजबिल, लग्नपत्रिका, सगळे.

२. आमच्या डॉक्टरांना माझा जनुकीय तपासणीचा रिपोर्ट परत करावा. मी खोकल्यासाठी गेले होते. ते म्हणाले, नवीन टेस्ट आली आहे, पुढे कोणते जुनाट आजार होऊ शकतात ते कळते, रक्त काढतोच आहोत तर करून टाकू. कळल्यावर काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. रिपोर्ट आला, तो मी टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचला: संधिवाताचा धोका सरासरीपेक्षा जास्त. बाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून किल्लीची घड्याळे दादाकडे गेली आणि मी काउंटरवर, घड्याळांचे सेल बदलायला.

डॉक्टरांकडे परत गेले तेव्हा समजले, की माझ्यासारखा रिपोर्ट असलेल्या शंभरजणींपैकी नव्वदहून अधिक जणींना हा आजार कधीच होत नाही.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"अहो, घरी मी सांगितलं का? तुम्हीच वाचून दाखवलंत."

हे खरे आहे. म्हणूनच त्यांना माफी नाही.

३. दादाला सेलचे खोके आणि त्याचे वाक्य परत: "हातांना आत्तापासून विश्रांती दे, म्हातारपणी कामाला येतील." परवा त्याने एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग पिळून ठेवली. तो जेवायला गेला असता ती मी सरळ केली.

४. बाबांसाठी काही ठेवत नाही. माझी बोटे हातात घेऊन त्यांनी एकदाही पाहिली नाहीत. कागदावर विश्वास ठेवला, आणि तो वाचून दाखवणारी मीच.

५. टिकटिक सहा वर्षांची आहे. वहिनीने तिच्या याच तपासणीसाठी डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. "एकदाचं कळलेलं बरं" म्हणते. टिकटिक स्वतः प्रश्न विचारण्याएवढी होईपर्यंत तिची ही तपासणी करू नये. पुढे केलीच, तर रिपोर्ट आधी तिने एकटीने, मनात वाचावा.

कलम पाच माझ्या मरणापर्यंत थांबू शकत नाही. हे मृत्युपत्रही घरात आलेला कागदच आहे. उद्या सकाळी टेबलाशी उभी राहून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचणार आहे. कलम तीनसुद्धा.

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका. ("इतक्या लवकर कशाला गं?" म्हणाले. आजार यायच्या आधीच माणसाला निकालात काढायची आमच्याकडे पद्धत आहे, असे सांगितले.)
साक्षीदार: समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या मावशी. त्यांनी सही करण्याआधी सगळे वाचले. मनात.

सही केली. हात हलला नाही.

ठिकाण: दुकानाचा काउंटर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४