दोन सीटच्या गाडीची हलकी बॅटरी

नाकाडोंगरी,
धान कापणीला आलेले दिवस

प्रिय धनीराम,

माझा जयभीम घे. तुझा रामराम मी इथे बसल्या बसल्या घेतला. गुडघे कसे आहेत? लाखांदूरच्या डॉक्टरने दिलेला पट्टा बांधतोस, की खुंटीला टांगून नुसता त्याच्याकडे बघतोस? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे मी आणि बायजाबाई. सगळे म्हणायला आता तेवढेच उरलो. फोन सोडून पत्र कायले, असं म्हणशील. अरे, फोनवर तुला 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही, आणि मला विचारायचं आहे ते जरा लांबचं आहे. तू जन्मभर एसटी चालवलीस आणि मी जन्मभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, तेव्हा बॅटरीचं तुलाच विचारणं भाग आहे.

आमच्या धम्मदीपची पिवळी गाडी तू पाहिली नाहीस. स्पोर्ट्स कार म्हणतात तिला. जमिनीपासून एवढी खाली, की आमच्या कोंबड्यासुद्धा तिच्याखाली मान वाकवून जातात. पुण्याहून तो ती एकदाच घेऊन आला होता, असेच धानाचे दिवस होते. गाडीला सीट दोनच. बायजाबाईने चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "आमी कुठं बसू रे?" तर म्हणतो कसा, "तुमच्यासाठी एसटी हाये नं, माय!" मग हसून दार उघडून धरलं. पण ही तेव्हा खळ्यावरून आलेली, लुगडं कोंड्याने भरलेलं. म्हणाली, "गाडी खराब होईन बाप्पा, पुढच्या खेपेले बसीन." पुढच्या खेपेला गाडी एकटीच आली, ट्रकवर दोरांनी बांधून. पुण्याच्या इमारतीत ती उभी करायला जागा नव्हती, आणि उतरता-चढता ती रोज दिसणं तृप्तीला सोसवत नव्हतं. (सूनबाईला बोल लावू नकोस. मलाही सोसवत नाही, पण माझ्याकडे अंगण मोठं आहे.)

धम्मदीप गेला तो ऑफिसच्या खुर्चीत, बसल्या बसल्या. पण गावाला हे पटत नाही. भेटायला येणारा माणूस आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, बोनेटवरून हात फिरवतो, कुठेच पोचा दिसला नाही की थोडा हिरमुसतो, आणि मग आमच्याकडे वळून "फार वाईट झालं" म्हणतो.

आता मुद्दा. तृप्तीने गाडी विकायला काढली आहे, आणि येत्या रविवारी नागपूरहून गिऱ्हाईक येतं आहे. त्याने तृप्तीला स्पष्ट सांगितलं आहे, की बटण दाबल्यावर गाडी आपल्या दमावर सुरू झाली तर घेईन, नाही तर भंगाराच्या भावात ट्रकवर टाकून नेईन. भंगार हा शब्द तिने फोनवर जेमतेम उच्चारला. तेव्हा गाडी सुरू झाली पाहिजे, धनीराम. ती भंगारात गेली तर आमच्या मनातून काय काय जाईल ते मी लिहीत नाही.

तिची मूळ बॅटरी म्हणजे धानाचं कट्टं, भरलेलं पोतंच. गाडी नुसती उभी असली तरी आतल्या आत वीज खात असते म्हणे, म्हणून ती रोज सोडवून ठेवावी लागायची. आणि आपल्याकडे सोडवलेली बॅटरी कोणी बाहेर ठेवतं का? ट्रॅक्टरच्या चोरीला गेल्या, मोबाइल टॉवरच्या गेल्या. म्हणून दिवेलागणीला बकऱ्या आत घ्याव्या तशी आम्ही म्हातारा-म्हातारी ती दोन्हीकडून धरून घरात आणायचो. उंबऱ्यात एकदा माझी कंबर अडकली ती अजून पुरती सुटलेली नाही. पुढे ती बॅटरी मेली तेव्हा (गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण) मला बरं वाटलं.

मी भंडाऱ्याला गेलो. दुकानातला नीलेश म्हणून पोरगा भला आहे. त्याने इंजीन कोणतं, सुरू करायला करंट किती लागतो, बॅटरीची पेटी कोणत्या मापाची, असलं बरंच विचारलं. मी एकच सांगितलं, की उचलायला हलकी दे. त्याने रेसच्या गाडीला लावतात तशी ड्राय बॅटरी काढली. पाणी घालायला नको, सांडायला ॲसिड नाही, आणि वजन म्हणशील तर एक टरबूज. मला आपले रामटेके गुरुजी आठवले. फळ्यावर ओळ लिहून ते लघु-गुरू पाडायला लावायचे, आणि तू प्रत्येक अक्षर गुरू करून ठेवायचास. खिडकीबाहेर मोहाच्या झाडाखाली बैल उभे असायचे, वर्गात सगळी पोरं एका चालीत कविता म्हणायची, आणि मला वाटायचं, जग असंच तालात चालतं. असो. मी त्या बॅटरीला मनात 'लघु' म्हटलं आणि पिशवीत घालून घेऊन आलो. नीलेशने निघताना बजावलं होतं, "काकाजी, हिच्यात उडी हाये, टिकाव नाई. गाडी सुरू करन, बस. दुसरं काई चालवू नका हिच्यावर." मी मान डोलावली. गाडीवाल्या घरात दुसरं काय चालवणार?

बॅटरी लागली, गाडी पहिल्याच बटणाला गरजली. कोंबड्या जिकडे वाट फुटेल तिकडे पळाल्या. बायजाबाई भांडी टाकून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. (मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहू नये, एवढं मला कळतं.)

आणि परवा ती बॅटरी मेली. शेजारी नत्थू आहे, त्याचं धान अगदी जंगलाला लागून. रात्री डुकरं येतात म्हणून बांधावर तार ओढून त्याने तिच्यात वीज सोडणारं झटका मशीन बसवलं आहे. त्या मशीनची बॅटरी बसली, तर हा आमच्या दारात. मी तुमसरला पेन्शनच्या कामाला गेलेलो. बायजाबाईने आमची लघु उचलून त्याच्या हातात दिली! उडी मारणाऱ्याला रात्रभर पहाऱ्यावर उभं केलं, तर दुसरं काय होणार? मध्येच केव्हातरी ती संपली, तार थंड पडली, आणि डुकरांनी धान लोळवलं. सकाळी नत्थू बॅटरी परत घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, तुमची बॅटरी बेकार हाये. काहून घेतली अशी?" त्याचं अर्धं बांधाड, अर्धं शेतच, गेलेलं, त्याला काय बोलू? नीलेशकडे नेली, तर तो म्हणतो, पार तळाला गेली, आता चार्ज धरत नाही.

मी बायजाबाईवर जन्मात ओरडलो नसेन एवढा ओरडलो. एवढी साधी गोष्ट कळू नये? ती तांदूळ निवडत राहिली.

तर तूच सांग. पुन्हा हलकीच घ्यावी, की भारी घेऊन कंबर द्यावी? रविवारच्या आत उत्तर दे.

तुझा बाकावरचा सोबती,
यादोराव

ता. क. पत्र बायजाबाईला वाचून दाखवलं. नत्थूचं आलं तिथे म्हणाली, "मले समजत होतं. त्या पोरानं तुमाले बजावलं ते तुमीच तर सांगतलं होतं मले. मुद्दाम देली. गाडी सुरू झाली म्हंजे जाईन, भंगारात तर सूनबाई देत नाई, अन् मी एक डाव बी बसली नाई त्यात." मग म्हणाली, "नत्थूच्या धानाचं मातर माझ्या डोक्यात नाई आलं." आपल्या धानाची एक बांधी, शेताचा एक तुकडा, कापून त्याला द्यायची म्हणते.

ता. क. दुसरा. तेव्हा सल्ला राहू दे. शनिवारी तूच ये. भंडाऱ्याला बस बदलशील तेव्हा नीलेशकडून नवी बॅटरी घे, हलकीच. मी त्याला सांगून ठेवतो. चष्मा विसरू नकोस. आम्हा दोघांनाही गाडी चालवता येत नाही. बायजाबाईला बावनथडी नदीच्या पुलापर्यंत घेऊन जा. हळू चालव, ती धुतलेलं लुगडं नेसून बसणार आहे. सीट दोनच आहेत हे माझ्या लक्षात आहे. तुम्ही दोघं पुढे व्हा. मी मागून एसटीने येतो.