उचलून पळवलेला बाहुला

आईस,
वाकून नमस्कार. बाबांना जरा जास्तच वाकून, कारण पत्राच्या शेवटी त्यांच्याबद्दल तक्रार आहे.

मी मजेत आहे. जेवतो वेळेवर, आगीही हल्ली बेताच्याच लागतात. मध्यंतरी आम्हा अग्निशमनवाल्यांना एक नवीन प्रशिक्षण दिलं: हृदय बंद पडलं तर छाती दाबून माणसाला कसं जगवायचं.

शिकवायला आलेल्या नर्सबाईंनी वरच्या खोलीत रबरी बाहुला ठेवला आणि म्हणाल्या, "हा कोसळलाय, वाचवा." आम्ही चौघांनी सवयीने त्याला उचललं आणि जिना उतरून थेट अंगणात नेलं. बाईंनी खिडकीतून शांतपणे विचारलं, "आग कुठे लागली होती?"

मग त्यांनी रोज घोटून घेतलं. पडला तिथेच गुडघे टेकायचे, जोरात दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मी नुसताच रेटायचो, त्यामुळे चूक-बरोबर दाखवणारा बाहुल्याच्या अंगातला दिवा लालच राहायचा. आता हिरवा लागतो.

गेल्या पंधरवड्यात बाजारात एक शिंपी कोसळला, श्वासही थांबला. लोक म्हणाले, उचला, गाडीत घाला. मी तिथेच बसलो आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहिलो. काल त्याचा निरोप आला, शर्टाचं माप देऊन जा.

बाबा धाप लागून जिन्यात मध्येच थांबतात, असं ताईने कळवलंय. त्यांना डॉक्टरकडे ने, कुरकुरले तरी ने. सुट्टीत आलो की तुझ्याकडून उशीवर सराव करून घेणार आहे. हसू नकोस. परक्यांच्या दारात मी मिनिटांत पोचतो, आपल्या दारात यायला दोन दिवस लागतात. तोवर हात तुझेच असतील.

तुझा,
धाकटा