दादाचा वारा

१२ जून

बसले! दादाच्या कोसळलेल्या विमानाच्या रेकॉर्डरमधून निघालेले वाऱ्याचे आकडे आज आमच्या पायलटांच्या सरावाच्या सिम्युलेटरमध्ये बसले. बाहेरून आलेला इंजिनिअर म्हणाला होता, "अंदाजे भरा, चालतं." अंदाजे? त्या वाऱ्याने माझा सख्खा भाऊ नेलाय. मला कोणी शिकवलं नाही. मॅन्युअलं वाचत, मशीन उघडत शिकलो. पण अंदाजे एक आकडा भरलेला नाही.

वादळाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. उतरणारं विमान त्यात शिरलं की आधी वारा समोरून — वेग वाढतो, पायलट खुशीत इंजिनांचा जोर कमी करतो. मग वरून दाब. मग वारा पाठीमागून, आणि पंखांखालची सगळी जान जाते. सगळं मिनिटभरात. चौकशीवाले "कॅप्टनची चूक", म्हणजे दादाची, लिहायच्या बेतात आहेत. बघू कसे लिहितात!

१४ जून

पहिले तीन कॅप्टन बसवले. तिघेही आपटले. शेवटचा घाम पुसत म्हणाला, "काय वारेवाले, एवढा राग कोणावर काढताय?" कोणी हसलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

१५ जून

आणखी चार. सगळे जमिनीत.

जेवायच्या सुट्टीत वहिनींना फोन केला. "कोणीच वाचवू शकत नाही, वहिनी. दादाचं काही चुकलेलं नाही." वहिनी म्हणाल्या, "नक्की ना, भाऊजी?"

"आकडे आहेत माझ्याकडे."

"बरं केलंत सांगितलंत." आवाज हलका झाला होता. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

१८ जून

ट्रेनिंगच्या चीफने अडवलं. "वारा झकास बसवलाय. पण पोरांनी शिकायचं काय यातून? मरायला शिकवायचा पगार नाही घेत मी!"

मी तडकलो. म्हटलं, वाचायची वाट असती तर दादाला सापडली असती. तो पाठ फिरवून गेला. जाणारच.

२० जून

आज एक नवी को-पायलट बसली. तीही आपटली. पण खुर्चीतून उठेना.

"सर, हे पाचशे फुटांपासूनच का सुरू होतं?"

"कारण वारा तिथे फिरला."

"त्याआधी काहीच नव्हतं?"

होतं. हजार फुटांवर वेग एकाएकी उसळतो, दोन हिसके बसतात, मग शांत. तेवढं मी कापलं होतं. मशीनचा वेळ वाचवायला — असं चीफला सांगितलं होतं. स्वतःलाही तेच.

"तिथून लावाल?"

लावलं. पहिला हिसका बसला. ती म्हणाली, "हे मला आवडलं नाही." पूर्ण ताकद, नाक वर. वाऱ्याने तिलाही दाबलं, पण अंगाखाली उंची होती. धावपट्टी खालून सरकून गेली आणि ती चढत राहिली.

मी उंचीचा आकडा दोनदा वाचला.

२१ जून

आता हजार फुटांपासून, आणि आधी काही न सांगता. सांगितलं की सगळेच शहाणे होतात. पाचजण बसवले. दोघे उतरणं सोडून परत फिरले. तिघे पुढे गेले आणि आपटले. एकजण म्हणाला, "वेग वाढला, म्हणून उलट बरंच वाटलं."

दादालाही बरंच वाटलं असणार. परत फिरायचा त्याला मनस्वी कंटाळा. "उशीर झाला की प्रवाशांची तोंडं बघावी लागतात रे नंतर," म्हणायचा.

२२ जून

काही लिहायचं नाही.

२४ जून

हजार फुटांपासूनचं चीफच्या हवाली केलं. आता सगळ्यांना हेच — पहिल्या हिसक्यालाच वर. उशीर का झाला, हे परत फिरलेल्याला कोणी विचारायचं नाही. चौकशीवाल्यांनाही तेच जाणार. चीफ हळूच म्हणाला, "वहिनींना कोण सांगणार?"

मीच. आणि फोनवर नाही. संध्याकाळी गेलो. वहिनी ओटा पुसत होत्या. मी बोलत होतो तोवर पुसतच राहिल्या, पुसलेलाच.

"म्हणजे गेल्या आठवड्यात चूक नव्हती, आणि आता आहे."

"हो."

"धन्य तुमच्या त्या आकड्यांची, भाऊजी!"

दारापर्यंतही आल्या नाहीत.

२९ जून

फोन उचलत नाहीत.

६ जुलै

वहिनी आल्या. न कळवता, थेट सिम्युलेटरच्या दारात. चीफने वाट सोडली. कॅप्टनच्या खुर्चीमागे बसल्या, पट्टा बांधून घेतला.

"लावा तो वारा. आणि चालवा तुम्ही."

हजार फुटांवर हिसका बसला. मी वर घेतलं.

वहिनी खाली जाणाऱ्या धावपट्टीकडे बघत होत्या.

"किती उशीर झाला असता त्यांना घरी यायला?"

"पाऊण तास."