न उचललेली ओळ

अण्णा,

तुम्हाला इकडचा गोल, तारांचा बँजो माहीत नव्हता. मलाही गेल्या उन्हाळ्यापर्यंत नव्हता. इथे परदेशात, मुलाच्या घराशेजारी अ‍ॅशबर्नजवळ जत्रा भरते; गुरं, मक्याची कणसं, पाळणे, सगळं आपल्यासारखंच, फक्त धूळ कमी. मुलगा नातीला घेऊन पाळण्याकडे निघाला आणि मी एका मांडवापाशी अडकलो. एक कुटुंब बँजो-गिटारवर गात होतं. बाप, आई, दोन मुली, आणि स्वतःपेक्षा उंच वाद्य कवटाळून उभा असलेला मुलगा. सगळ्यांत मिळून माइक एकच. ज्याची ओळ येईल त्यानं पुढे यायचं, म्हणायची, मागे सरायचं. कुणाचा कुणाला धक्का नाही. बापाचा आवाज तुमच्यासारखा, खडूची भुकटी बसलेला. नात पाळण्यावरून परत येऊन हात ओढत होती, "आजोबा, इट्स जस्ट ब्लूग्रास. कम ऑन, आय ॲम हंग्री!" मी हललो नाही. निघताना त्यांच्या त्या ब्लूग्रासची, म्हणजे इकडच्या डोंगरी लोकगीतांची, सीडी घेतली.

आता मुलगा-सून ऑफिसला गेले की स्वयंपाकघरात ती लावून बसतो. सून चिडवते, "बाबा, शेजारी विचारतायत, तुमच्याकडे कोण काउबॉय राहायला आलाय?" विचारू देत. शेवटचं गाणं डोंगरातल्या जुन्या घराचं आहे. त्यात बाप एक ओळ म्हणून थांबतो, दुसरी मुलानं उचलायची. मुलगा अर्धा श्वास उशिरा येतो. गिटार वाजत राहते, बाप वाट बघतो, आणि मग पोराचा आवाज येतो. ती चूक त्यांनी तशीच ठेवली आहे. इतक्यांदा ऐकलं, तरी तेवढ्या अर्ध्या श्वासात माझा जीव वर-खाली होतो. येईल ना? येतो. दर वेळी येतो.

आपल्या घरीही हीच रीत होती. आई भाकरी थापायची, तोच ठेका. तुम्ही एक ओळ म्हणून थांबायचात, दुसरी मी आणि ताईनं उचलायची. शाळेतल्या साऱ्या कविता मला अशाच पाठ झाल्या, चालीसकट. त्यांत एक तुम्ही स्वतः केलेली होती, कुठल्याच पुस्तकात न आलेली:

सांज उतरली पाण्यावरती, थांबव रे होडी
पैलतिरी मी बसलो आहे, ओळख दे थोडी

मग तालुक्याच्या शाळेचं ते स्नेहसंमेलन. मी नववीत, बोर्डिंगात राहतो आहे. तुम्ही सायकल मारत आला आहात, कोटाच्या कोपराला आईनं लावलेलं ठिगळ. हेडमास्तर आग्रह करतात, "मास्तर, चिरंजीवांबरोबर होऊन जाऊ द्या एक!" मी उठतो तसा मागून एक जण कुजबुजतो, "हे तुझे वडील? मला वाटलं, नवा शिपाई." पोरं खिदळतात. तुम्ही आपल्या होडीची पहिली ओळ म्हणता, माझ्याकडे बघून थांबता. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी माझी ओळ तुम्हीच म्हटलीत.

बाहेर आल्यावर पाठीवर हात ठेवलात. "विसरलास ना? होतं असं. इतक्या माणसांत भल्याभल्यांची जीभ अडकते." मी मान डोलावली. त्यानंतर घरी तुम्ही माझ्यासाठी कधी ओळ सोडली नाहीत. मला पुन्हा अवघडायला नको, म्हणून दोन्ही ओळी तुम्हीच म्हणायचात. पाहुण्यांना कौतुकानं सांगायचात, "पोरगं बुजरं आहे हो, पण पाठ सगळं!" शेवटच्या आजारातही पुटपुटलात ते दोन्ही ओळी. मी उशाशीच होतो, अण्णा. तेव्हाही माझी ओळ उचलली नाही.

आज नात शाळेतून लवकर आली. "व्हाय आर यू क्राइंग?"

"कांदा चिरत होतो गं."

तिनं ओट्यावर नजर फिरवली. "देअर इज नो कांदा, आजोबा." आणि गाणं संपेपर्यंत शेजारी बसून राहिली.

हे पत्र सीडीच्या डबीत घडी करून ठेवतो. दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या अर्ध्या श्वासात, गाण्यातल्या पोराचा आवाज यायच्या आधी, मी रोज आपली ओळ म्हणून बघतो. "पैलतिरी"पर्यंत येतो आणि पुढे आवाज फुटत नाही.

त्या दिवशी मी विसरलो नव्हतो, अण्णा. ओळ जिभेवर होती. मला तुमच्या ठिगळाची लाज वाटली.