गव्हातली रात्र

५ जानेवारी, रविवार

चंद्र जमत नाही! तिसऱ्यांदा खरवडला. चित्रकला शिक्षकांच्या प्रदर्शनाला दोन आठवडे उरलेत, आणि माझ्या कॅनव्हासवर आमचं रिठदचं शेत निळ्या चांदण्यात नुसतं छान दिसतंय. नरेंद्र म्हणाला, "कॅलेंडरवर शोभेल." नवरा असून असं बोलतो! पण खरं तेच आहे.

८ जानेवारी

आई सकाळीच रिठदहून आली. थंडीभर इथेच वाशीमला राहा म्हटलं — बाबा गेल्यापासून एकटीच असते तिथे. पदराला हात पुसत चित्रासमोर उभी राहिली. बराच वेळ.

"हे कायचं वं?"

"आपलं शेत. रात्रीचं."

"रात असी कुठी असते?"

मी चिडलेच. दहा वर्षं पोरांना रंग शिकवतेय मी! म्हटलं, मग कशी असते?

"मोटारीची लाईन रातचीच ये. गव्हाले पानी द्याले जा लागे. चांदनं कोन पाह्यते? खाली पाह्यत चाला लागे, सापाचं भेव. बॅटरीच्या उजेडात पडन तेवढंच वावर. बाकीचं नाहीच."

बाकीचं नाहीच! शाळेत दिवसभर हेच डोक्यात. पाचवीच्या वर्गाला दोनदा तेच फळ काढायला सांगितलं.

१२ जानेवारी, रविवार

चंद्र पुसला. आभाळ, बांध, बाभूळ — सगळ्यावर काळा. नुसता काळा नाही, तपकिरी आणि थोडा हिरवा कालवून. मधोमध परातीएवढा पिवळा उजेड. त्यात ओली पाती, चिखल, आणि बॅटरी धरलेल्या बाईचे पाय. वरची बाई जेमतेम दिसते.

रात्र म्हणजे शांतता, असं धरून चालले होते मी. शेत सुंदर म्हणायचे — दिवसा, सुट्टीत जाऊन! आता हे चित्र कशाचं? भीतीचं? कष्टाचं? एवढं मात्र कळतं, की चित्र पहिल्यांदाच खरं झालंय.

१३ जानेवारी

आई चित्राकडे बघत नाही. पोळ्या लाटतानाही पाठ करून बसते. विचारलं तर, "चांगलं हाय."

१९ जानेवारी, रविवार

प्रदर्शन. चित्राखाली नाव लिहिलं — 'कष्टाची रात्र'. लोक थांबत होते! एक म्हातारे सर म्हणाले, "चेहरा नाही, तरी थकवा दिसतो, मॅडम." मी हवेत.

आईला पुढे नेलं. तिनं नाव वाचलं आणि म्हणाली, "हिचं फावडं कुठी हाय?"

"अं?"

"फावड्याबिगर कोन पानी देते?"

विसरलेच की! एवढी चित्रकार मी! घरी येऊन म्हटलं, उद्या ब्रश घेऊन जाते, काढते फावडं. ती म्हणाली, "नोको काढू."

२० जानेवारी

सकाळी चहा गाळताना आईनंच विषय काढला. माझ्याकडे न बघता.

"एकदा मीबी रातची फावड्याबिगर गेली होती वावरातून. घर सोडून. अंगणवाडीच्या नोकरीचा कागद आला होता माह्या नावानं. तुया बाबानं चुलीत घातला."

मी तेव्हा चार वर्षांची होते, म्हणाली.

"मग परत का आलीस?"

"बांधापर्यंत गेली. तुया अंगावर गोधडी टाकली का नाही, आठवेच ना."